घर जुन्या गावठाणात बांधावं का रोडवरच्या लेआउटात? (तब्येतीच्या हिशोबानं सांगा)

वऱ्हाडी ठेचा
मंगळवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. नाव नाही सांगत, कारण गावातलेच चार जण इथं मुकाट वाचत बसतात अन् सकाळी पारावर माही पोस्ट मलेच वाचून दाखवतात. तर झालं असं, की गावठाणात आमचं आज्याच्या हातचं धाब्याचं घर आहे, त्याची मागची भिंत यंदाच्या पावसात बसली. आता बांधणं आलंच. लहाना भाऊ म्हणते इथं कायले पैसे गाडता, हायवेच्या अंगानं लेआउट पडलं आहे, तिथं दीड हजार फुटाचा प्लॉट घेऊ, मोकळी हवा, रुंद रस्ता, गाडी दारात. बाबा म्हणतात मी मेल्यावर न्या.

भांडण बाजूला ठेवा, मले फक्त तब्येतीचा हिशोब पायजे. माय ६४ ची, बीपीची गोळी चालू. बाबा ७१, थंडीत छाती वाजते. माहे दोन लेकरं, लहानी ४ वर्षाची, पावसाळाभर तिले ताप नाहीतर खोकला. आमची गल्ली म्हणजे बैलगाडी कशीबशी निघते एवढी, दोन्ही बाजूनं उघडी नाली, पन्नास पावलावर उकंडा, शेजारी ढोराचा कोठा. नळ चार-पाच दिवसाआड. बोअर आहे पण खारपाणपट्टा, त्या पाण्यात डाळ शिजत नाही. लेआउटवर यातलं काहीच नाही, पण झाडही नाही अन् माणूसही नाही, ३० प्लॉटात १२ घरं.

जागेनं खरंच तब्येत बदलते का? का माणूस जिथं जाईन तिथं आपला बीपी सोबतच घेऊन जाते?

सातबारा
मंगळवार, रात्री ९:५२

प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, हाय का ते पहिले पाहा. नसला तर तुमचा पण बीपी वाढते.

मूळचा वाशीमचा
मंगळवार, रात्री १०:१५

ठेचाभाऊ, तुमच्याकडच्या हायवेनं तर गिनीजमध्ये नाव काढलं, २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबर १०५ तासात. त्याच पट्ट्यात तुमच्या गल्लीतली नाली किती वर्षांपासून बांधून राह्यले?

वऱ्हाडी ठेचा
मंगळवार, रात्री १०:१८

नालीचं भूमिपूजन तीनदा झालं. नारळ तीन फुटले, नाली एकही नाही.

चुलीवरचा चहा
मंगळवार, रात्री ११:०५

दर्यापूरकडची आहे. सासर गावठाणात, मागच्या ६ वर्षांपासून आम्ही लेआउटमध्ये. बाईच्या बाजूनं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते.

गावठाणातल्या घरात संडास बांधायला जागाच नव्हती. गोदरीवर जायचो, पहाटे पाचला नाहीतर अंधार पडल्यावर. मग दिवसभर पाणीच कमी प्यायचं म्हणजे मधात काम पडत नाही. सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी, तिघींनाही मुतखडा. घरातले माणसं म्हणायचे खाऱ्या पाण्यानं झाला. अहो पाणी तर तुम्ही पण तेच पिता, तुम्हाला काऊन नाही झाला मग? लेआउटवर घरात संडास आला तेव्हा मी भर दुपारी तांब्याभर पाणी उभ्यानं प्याली, तो दिवस मला अजून आठवते. धुराचं पण तसंच. गॅस तिकडे पण होता, पण सिलिंडर संपला की चूल, आणि ती खोली अशी की खिडकी उघडली तर शेजारच्याच्या भिंतीला टेकायची. इथं मागचं दार उघडं असतं.

आता दुसरी बाजू. तिथं दुपारी पाच जणी जमून शेवया, पापड, निवडण-टिपण व्हायचं, पाणी आणायला हापशीवर दोन चकरा, दळणाला एक. इथं नळ दारात, गिरणीवर हे गाडीनं जातात, दुपारी मी आणि टीव्ही. माझं ९ किलो वजन वाढलं. मुतखडा गेला आणि शुगर आली. तुम्हीच हिशोब लावा.

लिंबूटिंबू
मंगळवार, रात्री ११:२०

ताई, पापड खाणारे आम्ही असताना वजन तुमचं वाढलं हा अन्याय आहे.

डॉ. खेडूत
बुधवार, सकाळी ७:१०

वरच्या ताईंनी चार ओळीत सगळं सांगितलं, मी फुकट साडेपाच वर्षं घातली. ग्रामीण रुग्णालयात ११ वर्षं झाली, त्यावरून थोडं लिहितो.

पाण्यापासून सुरू करू. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यातला. जमिनीखालचंच पाणी खारं, बोअर कितीही खोल मारा. पिण्याच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत बरा, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं भारतीय मानक म्हणतं. ठेचाभाऊ, आधी तुमचं मोजून घ्या, मीटर दोन-तीनशे रुपयात मिळतो. बीपीवाल्या माणसाला खारं पाणी म्हणजे ताटात न दिसणारं मीठ. मी आईला सांगतो लोणचं बंद करा, आई लोणचं बंद करते आणि बोअरचं पाणी पिते. गंमत म्हणजे गावठाण सोडून हायवेवर गेलात तरी पट्टा सुटत नाही, पट्टा रोड पाहून थांबत नाही. तेव्हा लेआउटवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की नळयोजनेची पाईपलाईन तिथपर्यंत आहे का. बहुतेक ठिकाणी "येणार आहे" असते.

किडनीचं सगळं बिल मात्र पाण्यावर फाडू नका. माझ्याकडे येणाऱ्यात जुनी शुगर, जुना बीपी आणि कंबर दुखते म्हणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या, हे तीन जास्त भेटतात. वावरात दिवसभर वाकून काम, वर ४५ डिग्री, पाण्याची कॅन धुऱ्यावर आणि माणूस पिकाच्या तासात. ताईंचं पाणी कमी पिणं आणि हे, एकाच जातीचं दुखणं.

घराबद्दल एक. मातीची जाड भिंत दिवसाचं ऊन लगेच आत येऊ देत नाही, स्लॅब आणि टिनं मात्र संध्याकाळनंतर घरातच ऊन ओकतात. उन्हाळ्यात म्हातारी माणसं दुपारपेक्षा रात्रीनं जास्त खचतात, कारण शरीराला थंड व्हायला वेळच मिळत नाही. सेवाग्रामला बापूकुटीत मे महिन्यात जाऊन बसा, आसपासच्या मातीचं आणि बांबूचंच घर आहे ते, मग शेजारच्या कुठल्याही नव्या स्लॅबच्या खोलीत बसा. मीटर लागत नाही. पण बाबांची छाती वाजते, त्यांना जुन्या घराची पोपडे सुटलेली ओली भिंत आणि कोठ्याचा धुराळाही सोसणार नाही. माती चांगली, ओल वाईट.

काळी धूळ
बुधवार, सकाळी ९:३०

इथं लोकं उकंड्यावर बोलून राह्यले, आमच्याकडे या. घुग्गुसच्या जवळ आमचं गाव, चंद्रपूर जिल्हा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली होती त्यात चंद्रपूर ४ थं, ८३.८८ गुण. शाळेत एवढे गुण आमच्या घरात कोणाला पडले नाही. तारेवर पांढरा शर्ट वाळत घातला तर काढताना तो ग्रे कलरचा निघते. कोळशाचे ट्रक रात्रभर, आणि रस्त्यावर पाणी मारतात ते साहेब येणार असले तर.

सांगायचं हे की घरात फरशी असो का शेण, नवीन कॉलनी असो का गावठाण, हवा एकच. माझा साळा दम्यासाठी घर बदलून बाजूच्या वॉर्डात गेला. अरे बाबू, वॉर्ड बदलला, गाव कुठं बदललं! मग वरोऱ्याकडे बहिणीकडे दोन महिने राह्यला तर पंप निम्म्यावर आला. परत आला, पुन्हा सुरू. त्यामुळे जागेनं फरक पडते का, तर पडते, पण किती दूरची जागा बदलून राह्यले त्यावर आहे. शंभर पावलांनी नाली सुटते, हवा नाही सुटत.

ठेचाभाऊ, हायवे किती फुटावर आहे लेआउटपासून?

वऱ्हाडी ठेचा
बुधवार, दुपारी १:०५

पहिला प्लॉट दीडशे फुटावर असन. आमचा तिसऱ्या लाईनीत. ट्रकचा आवाज रात्री स्वच्छ येते, मी परवा मुद्दाम जाऊन उभा राह्यलो, तर चौकीदारानं चोर समजून टॉर्च मारला.

सातबारा
बुधवार, दुपारी १:१२

राहत्या वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, २००० सालचा नियम आहे. हायवेले कोण सांगन? आणि गावात तरी काय, लग्नसराईत डीजेवाल्यानं आमच्या मामाच्या घराचे दोन कवेलू खाली आणले.

नर्सताई
बुधवार, दुपारी ३:४०

मी उपकेंद्रात आहे, १४ वर्षं, वर्धा जिल्हा. लहानीच्या तापाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

दादा, सगळे मच्छर एका जातीचे नसतात. नालीतल्या सडक्या पाण्यात होतात ते वेगळे, ते रात्री चावतात. डेंग्यूचा मच्छर नालीत होतच नाही, त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागते आणि तो दिवसा चावते. म्हणजे तुमच्याकडे नळ पाच दिवसाआड येते म्हणून तुम्ही जे ड्रम, टाकं, रांजण भरून ठेवता ना, त्यात. आणि दिवाळीपर्यंत न काढलेल्या कूलरमध्ये. मी सर्व्हेला जाते तेव्हा सगळ्यात चकाचक घरात, ग्रॅनाईटचा ओटा वगैरे, मागं गच्चीवर झाकण नसलेली टाकी निघते. लेआउटवाले म्हणतात आमच्याकडे नाली नाही म्हणून डेंग्यू नाही. असं नसते ओ. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची. लोक नुसतं पाणी ओततात, घासत नाही, अंडी भांड्याला चिकटलेली राहतात, पुढच्या पाण्यात पुन्हा तेच.

मोकळ्या प्लॉटांचं आणखी एक. गवत कमरेएवढं वाढते, आपलं नाही म्हणून कोणी कापत नाही. २०१८ ला पावसाळ्यात नागपूरकडे आणि पूर्व विदर्भात स्क्रब टायफस आला होता तो या गवतातल्या बारीक पिसूसारख्या किड्यानं. अंगावर चावल्याच्या जागी विडीनं चटका दिल्यासारखा काळा डाग असते, ताप उतरत नसला तर काखेत, कमरेत, सगळीकडे शोधायचा आणि लगेच दवाखान्यात दाखवायचा. आणि साप. गावठाणात उंदीर धान्यामागं, उंदरामागं साप. मण्यार रात्री खाली झोपलेल्याला चावते आणि चावलं हेही कळत नाही कधी कधी, सकाळी पोट दुखते म्हणून आणतात. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. हे दोन्हीकडे सारखंच आहे.

पाणी तपासून आरोग्य विभाग देते ते कार्ड कोणतं आहे गावाला, हिरवं (चांगलं) का लाल (धोक्याचं)? ग्रामपंचायतीत विचारा. लाल असलं तर टीसीएल (ब्लिचिंग) पावडर पोत्यात पडली आहे का पाण्यात, तेही विचारा.

झाडीपट्टीतला
बुधवार, संध्याकाळी ६:२०

नर्सताईंच्या रात्रीच्या मच्छरावर माझी साक्ष. भंडारा जिल्हा. आमच्याकडे हत्तीपाय घरोघरी ऐकू येणारा शब्द. तो नालीतल्या अन् संडासच्या टाकीतल्या मच्छरानं. आमच्या मोठ्या काकाचा पाय मी लहानपणापासून तसाच पाहिला, चप्पल कधी घातली नाही त्यानं कारण त्या मापाची मिळतच नव्हती.

गोळ्या वाटायला येतात दरवर्षी, समोर खा म्हणतात, लोक म्हणतात जेवून खातो आणि खिशात टाकतात. मग त्या गोळ्या पँटसोबत धुतल्या जातात. हत्तीरोग नसन तो फक्त आमच्या वॉशिंग मशीनला.

लोक संडास बांधतात आणि टाकीचा वरचा पाईप उघडा ठेवतात, तिथूनच भोंग्यासारखे निघतात मच्छर. गावात ३०० संडास झाले म्हणजे ३०० कारखाने. पाईपच्या तोंडाला जाळी बांधायची, एवढंच काम आहे, कोणी करत नाही.

लिंबूटिंबू
बुधवार, संध्याकाळी ६:४५

मच्छर झाले, साप झाले, किडे झाले. ठेचाभाऊ, वर गच्चीवर तंबू टाका.

उताराकडचा
बुधवार, रात्री ८:५०

आयडी उगाच घेतला नाही मी. आपलं गाव आठवा आणि पाण्याचा उतार आठवा. सगळ्या गावाची नाली कुठं जाऊन संपते? आमच्या वस्तीत. उकंडे कोणत्या बाजूला? आमच्या. मेलेलं ढोर कुठं ओढत न्यायचं? तिकडंच. ही जागा आमच्या आज्यानं पसंत करून घेतली नव्हती, दिली होती. आता तुम्ही लोक विचारता गावठाण का लेआउट, म्हणजे तुमच्याजवळ दोन तरी पर्याय आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात पोटाची साथ आली की गावात म्हणतात त्या वस्तीतले लोक घाणेरडेच. अरे, घाण तुमच्या न्हाणीची, ती उतारानं आमच्या दाराशी आली, आणि घाणेरडे आम्ही?

गावात मोठा हातपंप आहे त्याच्याजवळ चौथरा, नाली सगळं सिमेंटचं. आमच्या हापशीला चौथराच नाही, भोवती डबकं, त्यातलंच पाणी परत खाली मुरते. आणि टीसीएल कुठं टाकतात? गावातल्या विहिरीत.

गाडगेबाबा याच भागात वाढले, दापुऱ्याला मामाकडे. कीर्तन रात्री, पण त्याच्या आधी दिवसा हातात खराटा. आज त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छतेचे बक्षीस आहे, समिती येते त्या दिवशी चुना पडते. चुना कुठपर्यंत पडते ते मी नाही सांगत.

मूळचा वाशीमचा
बुधवार, रात्री ९:१५

उताराकडचा, मान्य आहे बरंचसं. पण खरं सांगू, काही वस्त्यांमध्ये लोक स्वतः पण करत नाहीत. शिक्षण, दारू, हे पण बघा ना. सगळं जागेवर टाकून कसं चालेल?

लिंबूटिंबू
बुधवार, रात्री ९:१९

दारूचं नाव काढू नका, गडचिरोलीत १९९३ पासून बंद आहे, चंद्रपुरात २०१५ ला बंद होऊन २०२१ ला उघडली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एकाची तब्येत भूगोलावरच चालत होती.

उताराकडचा
बुधवार, रात्री ९:२४

वाशीमकर साहेब, पुण्यात तुमच्या सोसायटीची नाली कोण काढते? तुम्ही स्वतः करता?

डॉ. खेडूत
बुधवार, रात्री ११:३०

वाशीमचा यांनी विचारलं ते बरं झालं, कारण हा प्रश्न जुना आहे. जागा आजारी पाडते का आजारी पडणारी, गरीब माणसंच तशा जागी राहतात? नुसतं बघून कळत नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात याची एक मोठी परीक्षा झाली. शिकागो, न्यूयॉर्क, बोस्टन, बाल्टिमोर, लॉस एंजेलिस, पाच शहरातल्या अतिगरीब सरकारी वस्त्यांमधली साडेचार हजाराच्या आसपास कुटुंबं घेतली आणि सरळ लॉटरी काढली. चिठ्ठी निघाली त्यांना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्यानं राहायची मदत, बाकीचे तिथंच. माणसं तीच, शिक्षण तेच, सवयी त्याच, फरक फक्त चिठ्ठीचा. १०-१५ वर्षांनी त्यातल्या बायकांची तपासणी केली, २०११ ला निकाल छापून आला. चिठ्ठी निघालेल्या बायकांमध्ये खूप जास्त लठ्ठपणा आणि शुगर, दोन्ही साधारण चार-पाच टक्के अंकांनी कमी. डॉक्टरनं डाएट सांगितलं नव्हतं, गोळी दिली नव्हती. फक्त पत्ता बदलला.

म्हणजे उताराकडचा यांचं म्हणणं नुसता राग नाही. आणि त्याआधी लंडनला १८५४ मध्ये कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघरी विचारत जाऊन एका हापशीवर बोट ठेवलं, ब्रॉड स्ट्रीटची हापशी, तिचा दांडाच काढायला लावला. त्या वेळी बाकीचे म्हणत होते की तिथली गरीब माणसंच घाणेरडी, हवाच वाईट. पावणेदोनशे वर्षं होत आली, संवाद तोच चालू आहे, फक्त आता मोबाईलवर.

ठेचाभाऊ, तुम्ही एक करा, तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जाते ते शोधा. मग घर कुठं बांधायचं ते ठरवा.

मूळचा वाशीमचा
गुरुवार, सकाळी ८:०५

रात्री थोडं जास्तच बोललो. उताराकडचा, राग धरू नका. माझ्या घरचं सांगतो, मग कळेल मी ठेचाच्या बाबांच्या बाजूनं का आहे.

आई एकटी गावात. मी २००९ पासून पुण्यात, किती वेळा म्हटलं चल, येत नाही. आमची गल्ली ठेचाच्या गल्लीसारखीच, नाली, कोठा, सगळं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी समोरच्या काकूंनी पाहिलं की आमच्या अंगणात सडा पडला नाही. साडेपाचला सडा पडतोच आमच्याकडे, ३५ वर्षांत चुकला नाही. सहा वाजले तरी नाही म्हणून काकू आत गेल्या, तर आई न्हाणीजवळ पडलेली, तोंड वाकडं, बोलता येत नव्हतं. १०८ ला फोन केला. गाडी गल्लीत शिरली नाही, मारुतीच्या देवळाजवळ थांबली, चार पोरांनी खाटेवर टाकून नेलं. वेळेत पोचली. आज चालते, उजवा हात थोडा जड आहे.

आता गल्ली अरुंद म्हणून गाडी आली नाही हे खरं. पण गल्ली अरुंद होती म्हणूनच काकूंना आमचं अंगण दिसलं. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये समोरच्या दाराला कुलूप आहे का माणूस आत आहे, मला आठ-आठ दिवस कळत नाही.

चुलीवरचा चहा
गुरुवार, सकाळी ८:४०

डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे लेआउटवर सडा नाहीच, पेव्हर ब्लॉक आहेत.

बिनधास्त सून
गुरुवार, सकाळी १०:१०

सगळे रडून झाले असतील तर मी बोलते. सडा दिसतो तसंच सुनेनं किती वाजता दार उघडलं, कोणाशी फोनवर बोलली, दोरीवर काय वाळत घातलं, पाळी आहे का, पोट का दिसत नाही अजून, हे पण दिसते. लग्नानंतर तीन वर्षं मला मूल नव्हतं, त्या गल्लीतून जाताना माझे ठोके वाढायचे. तिकडे असताना माझी डोकेदुखी रोजची होती, लेआउटवर आल्यावर महिन्यातून एखादवेळी. शेजार ज्याला जपतो त्याला जपतो, ज्याला खातो त्याला खातो. ठेचादादा, तुमच्या मायले-बाबाले विचारलं, बायकोला विचारलं का?

वऱ्हाडी ठेचा
गुरुवार, सकाळी १०:३०

...नाही विचारलं. आता विचारतो.

सातबारा
गुरुवार, सकाळी १०:३१

धागा संपला. निकाल लागला.

मास्तर पांढरकवडा
गुरुवार, दुपारी २:००

उशिरा आलो, शाळा होती. मुलांच्या दातांवरून मी गाव ओळखतो. आमच्या केळापूर, झरी, मारेगाव भागात बऱ्याच गावी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. त्याच्या वर वर्षानुवर्षं गेलं की दातावर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढं हाडं ताठतात, माणसाला मान वळवता येत नाही. वर्गात एका बाकावर पट्टेवाले आणि दुसऱ्या बाकावर पांढरे, विचारलं तर पहिले बोअरच्या पोडावरचे, दुसरे जुन्या विहिरीचं पाणी पिणारे. अंतर एक किलोमीटर. मुली फोटोत हसत नाहीत, ओठ मिटून उभ्या राहतात.

लोकांना वाटते पाणी उकळलं की झालं. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड मरत नाही, उलट पाणी आटल्यानं वाढते. ते काढायची तुरटी आणि चुन्याची साधी पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं काढली, पण नाव पडलं तेलंगणातल्या नलगोंडाचं, तिकडे पहिले वापरली म्हणून. आपल्या घरच्या लग्नात मान पाहुण्याला.

म्हणून ठेचाभाऊ, लेआउटवर नवीन बोअर मारणार असाल तर नुसतं टीडीएस मीटर पुरणार नाही, त्यात फ्लोराइड वेगळं दिसत नाही. नमुना प्रयोगशाळेत द्या. आणि आरओच्या कॅनचं पाणी आणाल तर कॅन आतून कधी घासली होती ते पण पाहा.

काळी धूळ
गुरुवार, दुपारी २:२५

सर, पोड म्हणजे काय ते वऱ्हाडवाल्यांना सांगा, नाहीतर उद्या पोडावर प्लॉट विचारतील.

मास्तर पांढरकवडा
गुरुवार, दुपारी २:४०

कोलामांची वस्ती. मुख्य गावापासून दूर असते. रस्ता, नळ, नर्स सगळं तिथं शेवटी पोचते, कधी पोचतच नाही. उताराकडचा म्हणाले ते तिकडे अंतरानं होते.

वऱ्हाडी ठेचा
रविवार, रात्री ८:३०

मंडळी, रिपोर्ट देतो.

टीडीएस मोजला. आमच्या बोअरचा ३१००. नळाचा २८०. लेआउटवरच्या बोअरचा २६००, पाईपलाईन "येणार आहे". डॉक्टरसाहेब, बोअरचं पाणी मायच्या चहातून बंद केलं, आता ती म्हणते चहाले चवच नाही. नळाच्या पाण्यासाठी झाकणाचे दोन ड्रम आणले, नर्सताई, काल लेकरांनी घासले. पाण्यापेक्षा साबणच जास्त लागला.

बायकोले विचारलं. ती म्हणे मले कुठंही चालते, पण संडास घरात अन् न्हाणीले दार, हे पहिले बांधा, हॉल मागून बांधा. अकरा वर्षात मले हे माहीत नव्हतं की तिची एवढी एकच अट आहे.

मग डॉक्टरसाहेबांचं ऐकून न्हाणीचं पाणी शोधत गेलो. लेव्हल पाईप घेऊन बाबा अन् मी. आमच्या मोरीतून नालीत, नाली मारुतीच्या मागून, शाळेच्या कुंपणाजवळून, आणि शेवटी खालच्या वस्तीतल्या हापशीच्या बाजूले पसरते. तिथं एक म्हातारा बाजेवर बसला होता, बाबाच्या ओळखीचा, दोघं एका वर्गात होते चौथीपर्यंत. तो म्हणे, पाटील, आज पाण्यामागं कसे आले? बाबा काहीच बोलले नाही. घरी आल्यावर म्हणाले शोषखड्डा किती फुटाचा लागते ते पाहा.

तर ठरलं असं, घर गावठाणातच. प्लॉट कॅन्सल, भाऊ नाराज. जोतं दोन फूट वर उचलतो, मागची भिंत ओल न धरेल अशी, पुढच्या खोलीले मातीचीच जाड भिंत ठेवायची इच्छा आहे, मिस्त्री हसून राह्यला. कोठावाल्या शेजाऱ्यासोबत बोललो, तो म्हणे ढोरं वावरात नेतो, पण उन्हाळ्यानंतर. उन्हाळा कोणत्या सालचा ते नाही सांगितलं त्यानं. समोरचा ओटा पाडून गल्ली दोन फूट रुंद करतो म्हटलं तर बाबा चिडले, ओटा नाही पाडायचा, म्हणून ओटा आत सरकवतो, म्हणजे १०८ नाही तरी स्ट्रेचर सरळ येईन.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून नाल्याच बंद केल्या असं ऐकलं, कोणी पाहून आलं आहे का? चार बाय चार बाय चार फूट, मधात भोकाचं सिमेंटचं टाकं अन् भोवती दगड, असं यूट्यूबवर दाखवतात. आमची काळी माती, पाणी लवकर मुरत नाही. तिथं चालन का?

उताराकडचा
रविवार, रात्री ९:०२

काळ्या मातीत चार फुटानं नाही भागत. खाली मुरूम लागेपर्यंत खोदा, आमच्याकडे सहा-सात फुटावर लागला. राखेचा गाळ आत जाऊ देऊ नका, आधी एक छोटी कुंडी ठेवा अन् ती महिन्यातून एकदा साफ करा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात भरते. मी आमच्या वस्तीत ९ केले आहेत. फोटो टाकतो उद्या.

वऱ्हाडी ठेचा
रविवार, रात्री ९:०६

भाऊ, टाकाच. मिस्त्रीले दाखवतो.

झाडीपट्टीतला
रविवार, रात्री ९:२०

आणि संडासच्या टाकीच्या पाईपला जाळी! विसरू नका.

वऱ्हाडी ठेचा
रविवार, रात्री ९:२२

कोणती जाळी घ्यायची?

झाडीपट्टीतला
रविवार, रात्री ९:२५

विकत कायले घेता, मच्छरदाणीचा फाटका तुकडा दोन पदर करून तारेनं बांधा. मायजवळ असनच एखादी, माया काही फेकत नाहीत.